माय पाच सांगायची, तुम्ही तीन लिहिलीत

वाचकाचे पत्र (संक्षिप्त, नाव-गाव वगळून):

माझी माय गेल्या डिसेंबरात, म्हणजे २०२५ च्या अखेरीस, वयाच्या ९४ व्या वर्षी गेली. तिचे माहेर यावल तालुक्यात फैजपूरजवळ आणि सासर अमळनेर तालुक्यात. वडील १९७१ मध्ये वारले तेव्हा थोरला भाऊ चौदा वर्षांचा, बहीण नऊ वर्षांची आणि मी सहा वर्षांचा होतो. चार एकर कोरडवाहू शेती आणि दुसऱ्याच्या बांधावरची मजुरी एवढ्यावर तिने आम्हा तिघांना वाढवले, सात नातवंडे अंगाखांद्यावर खेळवली आणि दोन पणतवंडेही पाहिली. येत्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तिच्या नावाची पहिली घागर भरायची आहे. सगळे नातलग जमतील, तेव्हा वाटण्यासाठी तिच्या जीवनावर सोळा पानांची पुस्तिका छापायची असे ठरले आणि मी निवृत्त शिक्षक असल्याने लेखन माझ्याकडे आले. माझा मसुदा वाचून पुण्यातली पुतणी म्हणाली, "काका, यातले मोठ्या मायचे नाव काढून दुसऱ्या कुणाचेही घातले तरी चालेल." मला वाईट वाटले, पण उत्तर सुचले नाही. थोरले भाऊ मात्र म्हणतात की आहे तेच चांगले आहे, घरातल्या जुन्या गोष्टी छापून लोकांना कशाला दाखवायच्या. मसुदा, तसेच पुतणीने फोनवर टिपलेल्या मायच्या बोलण्याची उतरवलेली पाने सोबत जोडली आहेत. काय ठेवावे आणि काय काढावे, ते सांगावे.

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

तुमचा मसुदा आणि पुतणीने पाठवलेली पाने मी एका बैठकीत वाचली, आणि मग मसुदा बाजूला ठेवून ती पानेच पुन्हा दोनदा वाचली. तुमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर यातच आले, परंतु तुम्ही आयुष्यभर वर्गात शिकवले असल्याने कारणांवाचून दिलेले उत्तर तुम्हाला पटणार नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

मसुद्यात ‘वात्सल्यमूर्ती’ हा शब्द चार वेळा आणि ‘त्यागमूर्ती’ तीन वेळा आला आहे, आणि ‘कष्टाळू’, ‘सोशिक’, ‘प्रेमळ’ यांपैकी एखादा तरी शब्द नाही असे पान सापडत नाही. यांतला एकही शब्द खोटा नाही. पण ‘माझी आई’ हा निबंध तुम्ही शाळेत किती वेळा तपासला असेल, ते आठवून पाहा. वर्गात चाळीस मुले असतात, त्यांच्या चाळीस आया असतात, आणि वह्यांमध्ये मात्र पहाटे उठणारी, सर्वांच्या शेवटी जेवणारी आणि आजारपणात उशाशी बसणारी अशी एकच आई सापडते. पुतणीने बोट ठेवले ते याच जागेवर. तिला तिचीच आजी वाचायची आहे आणि ती तुमच्या सोळा पानांत तिला भेटली नाही, एवढाच तिच्या बोलण्याचा अर्थ मी घेते.

ती आजी मला त्या उतरवलेल्या पानांत भेटली. टिपलेल्या चार तुकड्यांपैकी सर्वांत मोठा अकरा मिनिटांचा आहे आणि त्यात तुमची माय बहुतेक वेळ बिबड्यांविषयीच बोलते. खानदेशाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते की ज्वारी भिजवून, कांडून, वाळवून दळायची, त्या पिठाचा तीळ, लसूण, मिरची आणि जिरे घालून घाटा शिजवायचा, आणि तो गरम असतानाच ओल्या फडक्यावर हाताने पातळ थापून खाटेवर उन्हात वाळवायचा, असा हा पापडाचा प्रकार आहे. ऊन चढण्याच्या आत थापणे उरकावे लागत असल्याने चैत्र-वैशाखात त्यासाठी पहाटे चारलाच चूल पेटते. पुतणी विचारते की पिठाला पाणी किती घालायचे. माय सांगू शकत नाही. पुतणी शहरातली असल्याने पेला, वाटी, लिटर अशी मापे सुचवत राहते, आणि शेवटी माय म्हणते, "घाटाले हात लावीसन देख, हातलेच समजी." त्यानंतर ती अर्धवट वाळलेले ओले बिबडे कच्च्या तेलाबरोबर खायला पहारा चुकवून येणाऱ्या पोरांचा विषय काढते, त्यांत तुमचेही नाव घेते, आणि मग सहज सांगून जाते की वर्षाचे बिबडे झाले की त्यांच्या पुड्या फडक्यात बांधायच्या, पुण्याच्या पुडीला एक गाठ, नाशिकच्या पुडीला दोन गाठी आणि सुरतेच्या पुडीला तीन. तिला अक्षर येत नव्हते. तीन शहरांत पांगलेल्या नातवंडांचे पत्ते तिने गाठींत लिहिले होते, आणि पुण्याच्या पुडीत मिरची कमी असायची कारण तिथल्या पोरीला तिखट सोसत नाही, हेही तिच्या ध्यानात होते.

या सगळ्याचे तुमच्या मसुद्यात ‘पाककलेत निपुण व नातवंडांवर निरतिशय प्रेम करणारी’ असे एक वाक्य झाले आहे. ते काढा आणि तिथे या गाठी घाला. त्या वाचल्यावर प्रेम हा शब्द तुम्हाला लिहावाच लागणार नाही, आणि लिहिलात तर तो वाक्यात उपरा दिसेल. त्याच पानावर ‘आयुष्यात लाखो भाकरी थापल्या’ असेही आहे. रोजच्या वीस धरल्या तर पन्नास वर्षांत ३,६५,००० भाकरी होतात, म्हणजे तुमचा हिशेब चुकलेला नाही, पण एवढ्या भाकरींत वाचकाला एकही डोळ्यांपुढे येत नाही. त्याऐवजी दुसऱ्या तुकड्यातली दुष्काळाच्या सालची भाकर घ्या. १९७२ चा दुष्काळ पडला तेव्हा तुमचे वडील जाऊन पुरते वर्षही उलटले नव्हते, माय सरकारी कामावर खडी फोडायला जात होती आणि रेशनावर आलेल्या लाल मिलोची, म्हणजे आयात केलेल्या ज्वारीची, भाकर तव्यावर चिरत होती. त्या साली बिबडे झाले नाहीत, एवढेच ती सांगते. दुष्काळाचे याहून वेगळे वर्णन ती करत नाही आणि तुम्हीही करू नका.

आता ज्या गोष्टीमुळे मी हे उत्तर लांबवणार आहे, तिच्याकडे येते. मसुद्याच्या दुसऱ्या पानावर तुम्ही लिहिले आहे की त्यांना दोन मुलगे व एक मुलगी अशी तीन अपत्ये झाली. तिसऱ्या तुकड्यात पुतणी विचारते, मोठी माय, तुला मुले किती? उत्तर येते, "पाच." पुतणी हसून म्हणते, तीन ना? उतरवणाऱ्या पुतणीने इथे कंसात ‘बराच वेळ शांतता’ असे लिहिले आहे, आणि मग मायचे शब्द आहेत, "पाच. दोन थांबनात नही." एक थोरल्या भावाच्या आधीचे आणि एक त्याच्या पाठचे, हे पुढच्या बोलण्यावरून कळते. तुम्ही शेंडेफळ असल्याने तुमच्यासाठी ती दोन मुले कधीच नव्हती, हे मी समजू शकते. त्या काळी घरोघरी असे होत असे, हेही खरे. पण जिने साठ वर्षांहून अधिक काळ आपला आकडा बदलला नाही, तिच्या चरित्रात तो आकडा तिच्या मुलाने खोडू नये. पाच लिहा. त्या दोघांची बारशी झाली होती का, नावे ठेवली होती का, हे मायच्या धाकट्या बहिणीला ठाऊक असेल. त्या हयात आहेत असे तुमच्या मसुद्यातूनच दिसते. नावे मिळाली तर ती लिहा, आणि न मिळाली तर ‘दोघे थांबले नाहीत’ हे तिचेच शब्द पुरेसे आहेत.

यापुढचा भाग तुम्हाला अधिक जड जाईल. ‘परिस्थितीमुळे थोरल्या भावाला व बहिणीला शिक्षण सोडावे लागले’ असे तुम्ही एका ओळीत लिहिले आहे आणि पुढची दोन पाने मायने पाटल्या विकून तुम्हाला डी.एड. कसे केले यावर दिली आहेत. आपल्या मराठीत ‘लागले’ हे क्रियापद फार सोयीचे आहे. ते वापरले की काम होते पण ते कुणी केले हे सांगावे लागत नाही. शिक्षण सुटले नाही, ते कुणीतरी सोडवले. पस्तिशीतल्या, चार एकरांच्या आणि नुकत्याच विधवा झालेल्या एका बाईने शाळेत जाऊन थोरल्याचा सातवीनंतरचा आणि मुलीचा चौथीतला दाखला काढून आणला, कारण एकाला औत धरायचे होते आणि एकीला घर, शेळ्या व तुम्हाला सांभाळायचे होते. तिघांपैकी एकच शिकेल हा निर्णय तिने घेतला आणि तो कोण, हेही तिनेच ठरवले. त्याविषयी तिचे एकच वाक्य पानांत आहे: "एक शिकना, दोन ऱ्हाई गयात." या वाक्यात ना समर्थन आहे ना पश्चात्ताप, आणि मला वाटते की तुमच्या मसुद्यातल्या सर्व विशेषणांपेक्षा ही बाई कोण होती ते या चार-पाच शब्दांत अधिक कळते. तिची माया अपार असेल, पण तिच्याजवळची साधने मोजकी होती, आणि मोजक्या साधनांतून माया वाटायची म्हणजे कुणाचे तरी ताट रिकामे ठेवणे आले.

थोरल्या भावांचा आक्षेप मला याच ठिकाणी समजतो. पत्रावरून तुम्ही तो घराण्याच्या अब्रूचा प्रश्न समजलेला दिसता. तो तसा असेलही. परंतु असेही असू शकते की आपण अर्ध्यावर शाळा सोडलेला माणूस आहोत हे साऱ्या गणगोतापुढे छापील स्वरूपात जावे असे त्यांना वाटत नाही, किंवा ज्या निर्णयाचा लाभ तुम्हाला झाला त्याची जाहीर चर्चा होऊन तुम्हाला संकोच वाटू नये म्हणून ते अडवत आहेत. यांपैकी काय खरे, हे मी इथे बसून ठरवू शकत नाही, आणि तुम्हीही जळगावहून फोन करून ठरवू नका. त्यांच्याकडे जाऊन बसा, मायची पाने त्यांना वाचून दाखवा आणि या भागाविषयी त्यांना स्वतःला काही सांगायचे आहे का, ते विचारा. सांगितले तर ते त्यांच्याच शब्दांत, त्यांच्या नावाने अर्धे पान छापा. ‘थोरल्या बंधूंनी त्याग केला’ असे तुमच्या लेखणीतून येऊ देऊ नका, कारण चौदा वर्षांच्या पोराने त्याग केलेला नसतो, त्याच्याकडून तो झालेला असतो. बहिणीलाही असेच विचारा, आणि भावासमोर नको, वेगळे विचारा. दोघांनीही नको म्हटले तर त्यांच्या शिक्षणाचा उल्लेख काढून टाका, मात्र त्याबरोबर पाटल्यांची दोन पानेही काढून टाका. त्या पाटल्यांची गोष्ट या दोन दाखल्यांशिवाय छापली तर ती मायची गोष्ट राहत नाही, तुमची होते. माझा हा शब्द कठोर वाटेल, पण तो मी विचार करूनच लिहिला आहे.

जाता जाता आणखी एका वाक्यावर लाल रेघ मारते. ‘मुलांच्या भवितव्यासाठी तिने पुनर्विवाहाचा विचारही मनात आणला नाही.’ तिच्या मनात काय आले आणि काय आले नाही, हे तिला कुणी विचारले होते का?

मसुद्याच्या शेवटी तिचे आजारपण आहे. अखेरची तीन वर्षे ती अंथरुणाला खिळून होती आणि ‘कुटुंबीयांनी तिची मनोभावे सेवा केली’, असे तुम्ही म्हणता. पुतणीने या ओळीच्या समासात फक्त एक शब्द लिहिला आहे: ‘आईने.’ तुम्ही जळगावला, बहीण शहाद्याला, भाऊ दिवसभर शेतात. म्हणजे तीन वर्षे कूस बदलून देणारी, भरवणारी, अंग पुसणारी, रात्री दोनदा उठणारी व्यक्ती तुमची वहिनी होती, आणि सोळा पानांत तिचा उल्लेख ‘कुटुंबीय’ या अनेकवचनात विरघळून गेला आहे. वहिनींना त्यांच्या नावानिशी आणा, आणि केवळ सेवेपुरत्या आणू नका. चाळीस-बेचाळीस वर्षे एका चुलीपाशी काढलेल्या सुनेला सासूची जेवढी ओळख असते तेवढी मुलाला नसते. नातवंडांसाठी जीव टाकणारी तुमची माय सुनेशी कशी होती, धान्याच्या कोठीची किल्ली वहिनींकडे केव्हा आली, आणि ती मायने आपण होऊन दिली की मागावी लागली, हे वहिनींना विचारा. त्या हसतील, किंवा पदर सावरून ‘जाऊ द्या ना भाऊ’ म्हणतील. तसे म्हणाल्या तर आग्रह धरू नका, पण विचारल्यावाचून राहू नका.

तिने स्वतःसाठी कधी काही मागितले नाही, हे वाक्य तर जवळजवळ प्रत्येक आईच्या मृत्यूनंतर लिहिले जाते. चौथ्या तुकड्यात मला वेगळेच दिसले. वैशाखात अमळनेरला सखाराम महाराजांची यात्रा भरली की ती शेजारणीला घेऊन बोरीच्या पात्रात जायची, दर्शन घ्यायची, आणि मग मोठ्या रहाटपाळण्यात बसायची. एकदा नव्हे, दरवर्षी बसायची, आणि पाळणा वर गेला की पूर्ण पात्र, माणसे आणि रथ कसे दिसतात ते ती पुतणीला मोठ्या रंगात येऊन सांगते. हळदी-कुंकवाला जिला बोलावणे येत नव्हते अशी चाळिशीतली विधवा बाई पदर खोचून पाळण्यात बसते, भाड्याचे पैसे तिने वर्षभर कमरेच्या पिशवीत वेगळे ठेवलेले असतात, आणि घरी आल्यावर ‘दर्शन झाले’ एवढेच सांगते! तुम्हाला हे माहीत नव्हते, असे तुमच्या मसुद्यावरून वाटते. माझ्या मते हे पुस्तिकेतले सर्वांत चांगले पान होईल. सकाळची मिसरी सुटत नव्हती, हेही येऊ द्या. त्याने तिची उंची इंचभरही कमी होत नाही.

आता वयाविषयी, कारण मसुद्याचे पहिलेच वाक्य त्यावर उभे आहे. आधार कार्डावरची १ जानेवारी १९३२ ही तारीख तुम्ही घेतली आहे. जन्मतारखेचा पुरावा नसला आणि माणसाने केवळ वय किंवा वर्ष सांगितले, की १ जानेवारी हीच तारीख पडते. आपल्याकडच्या जुन्या पिढीत हा वाढदिवस असणारे लोक किती आहेत ते पाहिलेत तर हसू येईल. पण वर्षही मला बरोबर वाटत नाही, आणि याचा पुरावा मायनेच दिला आहे. ती म्हणते की कानबाई बसल्या, म्हणजे खानदेशातल्या या देवीची घरोघरी स्थापना झाली, त्या आठवड्यात तिचा जन्म झाला आणि फैजपूरच्या काँग्रेसला वडिलांनी तिला खांद्यावरून नेले तेव्हा ती पाच महिन्यांची होती. खेड्यात भरलेले काँग्रेसचे ते पहिले अधिवेशन २७ व २८ डिसेंबर १९३६ रोजी जवाहरलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखाली झाले. कानबाई श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी बसतात. म्हणजे १९३६ चा श्रावण, इंग्रजी जुलै-ऑगस्ट; तिथून डिसेंबरअखेर पाच महिने होतात. दुसरीकडे ती सांगते की नंदुरबारची पोरे गोळ्यांना बळी पडल्याची बातमी आली त्या रात्री तिचे वडील जेवले नाहीत आणि तिचा पहिला दात नुकताच पडला होता. शिरीषकुमार आणि त्याचे सोबती ९ सप्टेंबर १९४२ रोजी हुतात्मा झाले. सहा वर्षांच्या मुलीचा दात त्या सुमारास पडणे अगदी वेळच्या वेळी आहे. तेव्हा ती गेली तेव्हा ८९ वर्षे पूर्ण करून नव्वदीत होती. २०१२ च्या दसऱ्याला तुम्ही तिचे सहस्रचंद्रदर्शन केलेत ते कार्डाच्या हिशेबाने. खऱ्या हिशेबाने त्या दिवशी पन्नासावर पौर्णिमा बाकी होत्या. २०१७ मध्ये ती खरोखर हजार पूर्ण करून पुढे गेली आणि कुणाच्या लक्षातही आले नाही. हा घोटाळा लपवू नका, गमतीने लिहा. ‘फैजपूर काँग्रेसच्या साली जन्मलेली’ असे पहिले वाक्य असेल तर ते ९४ या आकड्यापेक्षा कितीतरी भारदस्त आहे. खात्री हवी असल्यास यावल तहसील कार्यालयात जुने कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना १४ ची जन्म-मृत्यू नोंद, शोधण्याचा अर्ज करता येतो. अशा नोंदीत पुष्कळदा मुलीचे नाव नसते, वडिलांच्या नावापुढे केवळ ‘मुलगी’ असते, पण तारीख मिळू शकते. तलाठ्याकडून वारसाचा फेरफारही काढा. वडिलांनंतर सातबाऱ्यावर तिचे नाव केव्हा लागले, हे ‘शेतीत मदत करी’ असे लिहिण्यापूर्वी तुम्ही पाहायलाच हवे, कारण १९७१ नंतर ती शेतीत मदत करत नव्हती, शेती करत होती.

कागदपत्रे पाहताना तिचे माहेरचे नावही शोधा. संपूर्ण मसुद्यात ती ‘गं. भा.’ आणि तुमच्या वडिलांचे नाव यांच्या मधल्या जागेत आहे.

भाषेविषयी थोडे. तुम्ही मायची सारी वाक्ये शुद्ध करून घातली आहेत. शिक्षकाचा हात तसा थांबत नाही, हे मला कळते. ‘हाताला आपोआप कळेल’ हे वाक्य बरोबर आहे, पण ते तिचे नाही. शिवाय तिच्या बोलीलाही एक इतिहास आहे. यावलकडची तावडी बोलणारी ती मुलगी सोळाव्या वर्षी तापी ओलांडून अहिराणीच्या मुलखात आली, सुरुवातीला तिच्या बोलण्याला सासरची माणसे हसत, आणि शेवटपर्यंत रागावली की तिच्या तोंडी माहेरचेच शब्द येत, असे पुतणीने लिहिले आहे. ते शब्द जसेच्या तसे छापा. बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हते. त्यांच्या मुलाने, सोपानदेवांनी, आणि आप्तांनी त्यांचे बोल ऐकून टिपले, ते त्यांच्या बोलीतच ठेवले, आणि १९५१ मध्ये त्या गेल्यानंतर पुढच्या वर्षी ते छापून आले. मुलगा स्वतः कवी होता, त्याला सुधारायचे असते तर तो सुधारू शकला असता. तुमची माय कवयित्री होती असे मी म्हणत नाही, पण टिपणाऱ्याचा धर्म तोच आहे.

राहिला प्रश्न आखाजीचा. माझा सल्ला असा की त्या दिवशी पुस्तिका वाटू नये. आखाजीला सासुरवाशिणी माहेरी येतात, म्हणजे मायला ओळखणाऱ्या सगळ्या बायका वर्षातून एकदा एका अंगणात सापडतात, आणि तुम्ही त्यांच्या हातात छापलेला कागद ठेवला तर त्या तो डोळ्यांना लावून पिशवीत टाकतील. सकाळी घागर भरून होऊ द्या, आगारी, म्हणजे पितरांसाठी विस्तवावर घास, टाकून होऊ द्या, सांजोऱ्या आणि आमरसाचे जेवण होऊ द्या. दुपारी निंबाखाली बायका बसतील तेव्हा पुतणीला फोन आणि कोरी वही घेऊन त्यांच्यात बसवा, आणि तुम्ही तिथून उठून जा. गुरुजी समोर असले की बाया गुणगानच करतात. बिबडे थापायला येणारी शेजारीण, जिच्याबरोबर माय पाळण्यात बसायची, तिला या दिवशी आवर्जून जेवायला बोलवा. प्रश्न मोठे विचारू नयेत. ती कशी होती, असे विचारले की ‘देवमाणूस होती’ हे उत्तर ठरलेले आहे. ती कशावरून रागवायची, पैसे कुठे ठेवायची, कुणाशी बोलत नव्हती, शेवटची बैलगाडीत केव्हा बसली, असे विचारावे.

पुस्तिका वर्षश्राद्धाला काढा. तोवर सात-आठ महिने हाताशी राहतात. सोळा पाने म्हणजे एक फर्मा होतो, तेवढी मर्यादा चांगली आहे, पण त्यांतली पाच पाने तुम्ही मान्यवरांच्या शोकसंदेशांना आणि दोन तिच्या पूर्ण पानी छायाचित्रांना दिली आहेत. संदेश पाठवणाऱ्यांपैकी बहुतेकांनी तिला पाहिलेले नाही, हे त्यांच्या मजकुरावरूनच कळते; त्या सर्वांचे आभार एका ओळीत माना. छायाचित्र एकच घ्या, आणि सहस्रचंद्रदर्शनातले शाल-श्रीफळाचे नको.

दुसरे एक छायाचित्र मात्र आखाजीची वाट न पाहता लगेच मागवून घ्या. पुतणीने शेवटच्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिले आहे की तिच्या सुरतेच्या भावाकडे मोठ्या मायने पाठवलेली शेवटची पुडी आहे, त्याने ती अजून सोडलेली नाही, आणि तिच्या तिन्ही गाठी जशाच्या तशा आहेत.